वेगळी चूल, वेगळा सूर



या स्तंभात आजवर दुकान, घर आणि स्थानक या तिन्हींच्या उंबरठ्यावरचे विषय आले. यावेळचा विषय एका रॉक गायकाच्या स्वतंत्र गीतसंग्रहाचा आहे, हे पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. प्रथम माझ्याही पडली होती. परंतु त्या संग्रहाविषयी ऐकणाऱ्यांनी वेळोवेळी दिलेला कौल जाणून घेतला, तेव्हा आपल्या व्यापारी घरांत नित्य घडणारी एक गोष्ट त्यात स्पष्ट दिसली. म्हणून हा लेख.

चातुर्मासातील एका रविवारची संध्याकाळ. चौविहार आणि प्रतिक्रमण आटोपून बेलापूरच्या आमच्या घरी ओसरीवर सारे बसलो होतो. धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास शिकतो. तो आजीला भेटावयास आला होता. आमचे वयोवृद्ध मुनीमजीही वहीचे काम संपवून टेकले होते. बोलता बोलता पुतण्या म्हणाला, "काकाजी, आज एक अख्खा अल्बम ऐका. चाळीसेक मिनिटांचा आहे, एका सामायिकाहूनही कमी."

मातुःश्री हसून म्हणाल्या, "सामायिकाशी बरोबरी नको रे बाळा. पण लाव."

गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील एका पारशी कुटुंबात. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या चाकरीत होते. आठ वर्षांच्या या मुलाला १९५५ साली सागर ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. आपल्या समाजातील काही घरांची मुलेही पाचगणीच्या निवासी शाळांत शिकलेली आहेत. आईवडिलांचे बोट सुटल्यावर पाचगणीच्या थंडीतील पहिली रात्र कशी जाते, हे ती सांगू शकतील. तेथेच तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. विशेष हे की, त्या वृंदात मुख्य गायक दुसराच मुलगा होता आणि हा पियानोवर बसत असे. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि सारे कुटुंब इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये १९७० साली 'क्वीन' हा वृंद उभा राहिला. गायन व पियानो फ्रेडीचा, गिटार ब्रायन मे यांची, तालवाद्ये रॉजर टेलर यांची, आणि १९७१ पासून बेस गिटार जॉन डीकन यांची. आपल्या भाषेत सांगायचे तर ही चार भागीदारांची पेढी. पेढीने नाव कमावले. १९७५ साली आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे ब्रिटनच्या क्रमवारीत सलग नऊ आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. इतके लांबलचक गाणे कोण ऐकणार, अशी शंका तेव्हा जाणकारांना होती. गिऱ्हाइकाने ती खोटी ठरविली.

अशी भरभराटीची पेढी असताना फ्रेडीने २९ एप्रिल १९८५ रोजी केवळ स्वतःच्या नावावर एक संग्रह प्रसिद्ध केला. नाव 'मिस्टर बॅड गाय', म्हणजे वाईट माणूस. गाणी अकरा. जर्मनीतील म्युनिक शहरात, तेथील वादकांना हाताशी धरून त्याने तो ध्वनिमुद्रित केला. जोडीला माक हे ध्वनिमुद्रक-निर्माते होते. प्रकाशक कंपनीही क्वीनची नव्हे, दुसरी घेतली. संग्रह अर्पण केला तो आपल्या मांजरांना आणि जगभरातील मांजरप्रेमींना. हे ऐकून मातुःश्रींचे त्याच्याविषयी मत एकदम अनुकूल झाले, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

आता ऐकणाऱ्यांची मते.

आमच्या ओसरीवर पहिले मत पुतण्याचे पडले. तो गिटार वाजवितो. त्याचे म्हणणे असे की, आवाज तोच असला तरी ब्रायन मे यांच्या गिटारीची धार येथे नाही. तिच्या जागी यंत्रांतून निघणारे स्वर आणि नाचाचा ठेका आहे. "मिठाई आहे काकाजी, पण मिठाचा खडा नाही." १९८५ साली क्वीनच्या अनेक चाहत्यांचे हेच मत होते.

माझी कन्या वाणिज्य शाखेत शिकते. तिने लगेच हरकत घेतली. तिने क्वीनची गाणी फारशी ऐकलेली नाहीत. तिला ठेका आवडला आणि गाण्यांतील मोकळेपणाही आवडला. ती म्हणाली, "दादा, तू हा अल्बम ऐकतच नाहीयेस. तू दुसराच अल्बम आठवून यात काय नाही ते मोजतोयस." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

मातुःश्रींना इंग्रजी येत नाही. पहिल्या काही गाण्यांत त्या माळेचे मणी मोजत बसल्या. आठवे गाणे आले तेव्हा हात थांबला. 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस', म्हणजे आयुष्यात याहून अधिक काही असलेच पाहिजे, अशा अर्थाचे ते संथ, पियानोवरचे गाणे. जगात एवढा द्वेष का, माणसे अशी दुरावलेली का, हा त्याचा विषय. अर्थ कोणी सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "हे पुन्हा लाव. हा माणूस एकटा पडलाय." पुढचेच गाणे 'लिव्हिंग ऑन माय ओन', म्हणजे एकट्याने जगणे. त्याचा ठेका मात्र नाचरा आहे. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

मुनीमजींनी मत दिले नाही, हिशेब विचारला. "शेठजी, हा बाहेर पडला तेव्हा पेढी मोडली का?"

यावर पुतण्या उत्तरला की, चित्रपटात तर तसेच दाखविले आहे. २०१८ साली या गायकावर निघालेल्या चित्रपटात फ्रेडी स्वतंत्र करार करतो, भागीदार दुखावतात आणि वृंद फुटल्यासारखा होतो. अनेकांच्या मनात आज तेच चित्र पक्के आहे. आम्ही तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा जमाखर्च वेगळाच निघाला. रॉजर टेलर यांनी आपला स्वतंत्र संग्रह १९८१ सालीच काढला होता आणि दुसरा १९८४ साली. ब्रायन मे यांनी १९८३ साली मित्रांसह वेगळे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले होते. म्हणजे वेगळी चूल मांडणारा फ्रेडी पहिला नव्हे, तिसरा. शिवाय पेढी चालूच होती. १९८४ साली क्वीनचा 'द वर्क्स' आला. संग्रह प्रसिद्ध झाल्यावर अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. तेथे सुमारे ७२,००० श्रोत्यांसमोर हेच चौघे एकत्र उभे राहिले आणि २१ मिनिटांत त्यांनी मैदान जिंकले. त्यात फ्रेडीच्या स्वतंत्र संग्रहातील एकही गाणे नव्हते. तेथे तो पेढीचा माल घेऊन उभा होता.

मुनीमजींचा दुसरा प्रश्न अपेक्षितच होता. "उत्पन्न कोणाच्या खात्यावर जमा होत होतं?" या प्रश्नाचे उत्तर व्यापारी घराने लक्षपूर्वक वाचावे. क्वीनमध्ये प्रारंभी ज्याने गाणे लिहिले त्याच्या नावावर ते जात असे आणि लेखकाचा हिस्साही त्यालाच मिळे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागील बाजूस रॉजर टेलर यांचे एक गाणे होते. तबकडी पुढच्या बाजूसाठी विकली जात होती, तरी हिस्सा दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखाच. यावरून चौघांत पुष्कळ दिवस धुसफूस राहिली. अखेर १९८९ सालच्या 'द मिरॅकल' या संग्रहापासून त्यांनी ठरविले की, गाणे कोणीही लिहिलेले असो, नाव 'क्वीन' असेच लागेल. मुनीमजी मान हलवून म्हणाले, "म्हणजे आपापली दुकानं काढून झाल्यावर खातं एक झालं. बरोबरच आहे. बाहेर गेल्याशिवाय घराचं मोल कळत नाही, आणि बाहेर जाऊ दिल्याशिवाय माणसाचं मोल घराला कळत नाही."

आता बाजारातील कौल पाहू. हा संग्रह ब्रिटनच्या क्रमवारीत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचला. कोणत्याही नव्या गायकाने यावर पेढे वाटले असते. परंतु आदल्या वर्षी क्वीनचा संग्रह दुसऱ्या स्थानावर गेला होता, म्हणून सहावे स्थान उणे ठरले. अमेरिकेत तर तो १५९ व्या स्थानापलीकडे चढलाच नाही. 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे गाणे १९८५ साली ब्रिटनमध्ये ५० व्या क्रमांकावर अडकले. एकट्याने काढलेले दुकान चालले नाही, असा शेरा वहीत पडला.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सच्या आजारात फ्रेडीचे निधन झाले. आजाराची वार्ता त्याने आदल्याच दिवशी जाहीर केली होती. त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मविधीने झाले. त्यानंतर १९९३ साली तेच 'लिव्हिंग ऑन माय ओन' नवी वाद्यसंगत लावून पुन्हा बाजारात आणले गेले आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. आवाज तोच, शब्द तेच. आठ वर्षांपूर्वी पन्नासावे ठरलेले गाणे पहिले ठरले.

पुढे १९९५ साली उरलेल्या तिघा भागीदारांनी 'मेड इन हेवन' नावाचा क्वीनचा संग्रह पूर्ण केला. त्यात 'मिस्टर बॅड गाय'मधील दोन गाणी होती. फ्रेडीचा जुना आवाज ठेवून तिघांनी त्याभोवती आपली वाद्ये नव्याने वाजविली. त्यांतील एका गाण्याचे नाव तर साऱ्या संग्रहालाच दिले. मातुःश्रींना आवडलेले संथ गाणे मायकेल जॅक्सन यांच्या आवाजाच्या जोडीने २०१४ साली क्वीनच्या संग्रहात आले. वेगळ्या दुकानातला माल शेवटी मूळ पेढीच्या फडताळात आदराने मांडला गेला.

या चातुर्मासात स्थानकात अनेकांतावर प्रवचने झाली. कोणत्याही वस्तूविषयी बोलताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चारही अपेक्षा ध्यानात घ्याव्यात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री तीच कसोटी या संग्रहाला लावून पाहिली. क्षेत्र बदलले तर सहावा क्रमांक १५९ वा होतो. काल बदलला तर पन्नासावा पहिला होतो. द्रव्य म्हणजे कंठ तोच राहतो, भोवतालची वाद्ये बदलतात, आणि ऐकणारे म्हणतात की गाणेच सुधारले. राहिला भाव. तो तर गाण्यात नसून ऐकणाऱ्याच्या अंतरात असतो. पुतण्या क्वीनचे प्रेम मनात धरून ऐकत होता, कन्या कोऱ्या पाटीने ऐकत होती, मातुःश्री शब्दांवाचून ऐकत होत्या. १९९३ साली ब्रिटनमधील श्रोते एका गेलेल्या माणसाला ऐकत होते. मृत्यूनंतरच्या प्रशंसेला अंतिम निकाल मानणे हेही एकांगीच होय. तीही एका बाजूने पाहिलेलीच गोष्ट.

आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी 'सन्मतितर्क' या ग्रंथात सांगितल्याचा आशय असा की, प्रत्येक नय आपल्या मर्यादेत खरा असतो. दुसऱ्या नयाला खोटे ठरवू लागला की तो बिघडतो. पुतण्याला गिटारीची उणीव भासली, हे खरेच आहे. परंतु "हा संग्रह वाया गेला" असे तो म्हणता, तर त्याचे खरे मत तेथेच दुर्नय झाले असते. आपले मत असू नये, असे धर्म सांगत नाही. मताआधी 'स्यात्' हा शब्द मनात उच्चारावा, इतकेच सांगतो.

हे सारे विवेचन मी ओसरीवर मोठ्या उत्साहाने केले. मातुःश्री शांतपणे ऐकत होत्या. माझे संपल्यावर त्यांनी नातवाला विचारले, "त्याच्या भागीदारांनी ती गाणी नंतर आपली म्हणून वाजवली ना?"

"हो आजी."

"मग तो होता तेव्हा का नाही वाजवली?"

पुतण्याने उत्तर दिले नाही. तसे पाहता या प्रश्नाला उत्तर आहे. चौघांनी १९८५ नंतरही एकत्र संग्रह केले, फ्रेडीच्या अखेरच्या दिवसांपर्यंत केले, त्यांच्यात वैर नव्हते. परंतु त्या प्रश्नाचा रोख लंडनकडे नव्हता, हे मला कळले. मुनीमजींनाही कळले असावे. ते उठून पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि चौविहार आठवून तसेच परतले.

वाचकहो, आता थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. अठरा वर्षांपूर्वी माझे धाकटे बंधू, म्हणजे या पुतण्याचे वडील, आमच्या सामाईक दुकानातून बाहेर पडले. त्यांनी श्रीरामपुरास स्वतःचे दुकान काढले. हिशेब चोख झाला. वाटणीत एका पैशाचाही वाद नव्हता. मंगल कार्यांत जाणे-येणे आहे, संवत्सरीला क्षमापना होते. परंतु ते बाहेर पडले त्या दिवशी दुकानात चार माणसांसमोर मी म्हणालो होतो, "एकट्याचं काम नाही ते. वर्षभरात कुलूप लावून परत येईल." ते माझे मत होते आणि मी ते अनुभवी माणसाचे मत समजत होतो. ते त्यांच्या कानांवर गेले. त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. दुकान अठरा वर्षे चालले आहे. या अठरा वर्षांत मी त्यांच्या घरी अनेकदा जेवलो, पण दुकानाची पायरी एकदाही चढलो नाही. कोणी विचारले तर सवड नव्हती, असे सांगत आलो. खरे कारण असे की, पायरी चढणे म्हणजे माझे मत चुकले हे मान्य करणे होते.

आमच्या गावाची गंमत पाहा. रेल्वे आली तेव्हा 'बेलापूर' नावाचे स्थानक गावापासून काही मैल दूर झाले. त्या स्थानकाभोवती नवी बाजारपेठ वाढली आणि तिने श्रीरामपूर हे स्वतंत्र नाव घेतले. पण आजही दौंड-मनमाड मार्गावर श्रीरामपुरास उतरणारा प्रवासी फलाटावर 'बेलापूर' हीच पाटी वाचतो. थोरल्याने धाकट्याला नाव दिले, धाकट्याने ते पुसले नाही, आणि दोघांचाही बाजार चालला आहे. ही पाटी मी शेकडो वेळा वाचली असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला गाडीत बसवून मीच श्रीरामपुरास सोडावयास गेलो. स्थानकावरून परस्पर परतता आले असते. परतलो नाही. बंधू गल्ल्यावर होते. मला पाहून उठले आणि गादीवर जागा केली. मी गिऱ्हाइकासारखा माल पाहिला, दर विचारले. आमच्याकडे नसलेल्या दोन वस्तू त्यांच्याकडे पाहिल्या आणि त्या आमच्या दुकानीही ठेवाव्यात असे वाटले, तसे बोलून दाखविले. ते म्हणाले, "भाऊ, संध्याकाळच्या टेम्पोनं पाठवतो." अठरा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मी केला. संवत्सरीची वाट न पाहता त्या एका वाक्यासाठी मिच्छामि दुक्कडं म्हटले.

आपल्या समाजात दर पिढीला कोणीतरी वेगळी चूल मांडतो. कोणी वेगळे दुकान काढतो, कोणी व्यापार सोडून वकिली किंवा संगणकाची वाट धरतो, एखादी सून घरातूनच आपला व्यवसाय सुरू करते. त्या सर्वांचे पहिले श्रोते आपणच असतो. त्यांना सल्ला द्यावा, उणीव दिसली तर ती एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगावी. परंतु पहिल्या वर्षाच्या विक्रीवरून शेरा लिहून वही मिटू नये. आपण माल पाहतो आहोत की जुन्या पेढीच्या आठवणीत काय कमी आहे ते मोजतो आहोत, हे माझ्या कन्येने विचारले तसे स्वतःला विचारावे. आणि जे चांगले वाटले, ते तो माणूस समोर असताना बोलून दाखवावे.

पर्युषण जवळ आले आहे. क्षमापनेत आपण काया, वाचा, मने झालेल्या अपराधांची क्षमा मागतो. दुसऱ्याच्या धडपडीवर घाईने दिलेली मते यांपैकी वाचेच्या खात्यात येतात. यंदा ते खातेही उघडून पाहावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.